रविवारी नाहीशा होणाऱ्या खुणा

१

सोमवारी सकाळी साडेसातला आर्गिरिस गालानिसच्या घरातून मेतेओराच्या मठाच्या एकशे चाळीस पायऱ्या चोरीला गेल्या.

काही सोमवारांपूर्वी प्लातामोनासचा किल्ला गेला होता. त्याच्या आधी एक अख्खा तलाव. दारं-खिडक्या जागच्या जागी होत्या आणि कुलूपही शाबूत होतं. ते शाबूत असणारच म्हणा, कारण आर्गिरिसनं वोलोस गावात बेचाळीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवलं होतं, आणि स्वतःच्या दाराला तीन कुलपं लावणारा गावातला तो एकटाच माणूस होता.

कॉफी गार होत राहिली. त्यानं चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरवरची यादी वरून खाली पुन्हा मोजली. चोपन्न. सप्टेंबरात त्रेसष्ट होत्या.

यादी झाफिरोची होती, त्याच्या बायकोची. तिला फोनवर काही बघताना एखादी जागा आवडली की ती त्या पानावर खूण ठोकायची. फोनवर ठोकलेली खूण घरच्या कॉम्प्युटरवरही आपोआप दिसायची. अशा सगळ्या खुणा तिनं एका कप्प्यात घातल्या होत्या आणि कप्प्याला नाव दिलं होतं, ‘जाऊ या’. प्रत्येक खुणेखाली तिच्या हातच्या दोन-तीन ओळी असायच्या, सगळ्या नवऱ्याला उद्देशून. ‘आर्गिरिस, या पायऱ्या एकशे चाळीस आहेत, तुझ्या गुडघ्यांना विचारून ठेव.’ खातं मात्र आर्गिरिसच्या नावावर होतं. फोनच्या दुकानातल्या माणसानं ‘घरात कर्ता कोण?’ असं विचारलं, तेव्हा झाफिरो खूप हसली होती आणि त्याचं नाव सांगून मोकळी झाली होती.

ते कधी गेले नाहीत. रविवारी दुकान बंद ठेवलं आणि कुणाची किल्ली घरातच राहिली तर? हा प्रश्न आर्गिरिसनं बेचाळीस वर्षं विचारला. उत्तर द्यायला झाफिरो उरली नाही तेव्हा त्यानं दुकान विकलं.

आता तो रोज सकाळी कॉफीबरोबर एक खूण उघडायचा. जागा नुसती बघून घ्यायचा, तिच्या ओळी मात्र दोनदा वाचायचा. त्रेसष्ट दिवसांनी यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरापासून मे महिन्यापर्यंत तिनं त्याच्याशी अशी रोज थोडी बडबड केली होती. आणि आता कुणीतरी तिचं एकेक वाक्य पळवत होतं. गेलेल्या खुणांचा अर्थ त्याला आठवायचा, पण शब्द आठवायचे नाहीत. तिचा शब्द कुठला आणि आपण भर घातलेला कुठला, तेच कळेनासं व्हायचं.

त्यानं पोलिसांना फोन केला. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "मठाच्या पायऱ्या ना? मग तक्रार मठवाल्यांना करू द्या, काका."

आर्गिरिसनं फोन ठेवला आणि यादी अगदी तळापर्यंत खाली नेली. कप्प्याच्या बाहेर काही अनोळखी खुणा येऊन बसल्या होत्या. ‘गुडघेदुखीवर घरगुती लेप.’ ‘शर्टावरचा कॉफीचा डाग.’ ‘टाय बांधायची सोपी रीत.’ ‘साठीनंतर: पहिल्या भेटीत बाईशी काय बोलू नये.’

घरात चोर शिरला होता. आणि चोर लग्नाच्या तयारीत होता.

२

"काय काय गेलंय?" शनिवारी सकाळी फ्रोसोनं विचारलं.

"एक तलाव, एक किल्ला, एकशे चाळीस पायऱ्या..."

"कीर-आर्गिरी, सकाळी सकाळी घेतलीत का?"

फ्रोसो सदतीस वर्षं वोलोसच्या चढांवर टपाल वाटून निवृत्त झालेली बाई; पाकिटावर लिहितात तसं नावाआधी ‘कीर’, म्हणजे श्रीयुत, लावूनच बोलायची. कुणाचं कुणाशी पटत नाही आणि कोण कुणाचं पत्र वाफेवर उघडतं, हे तिला पाकीट हातात घेतल्यावर कळायचं. गावात कुणाचं काही हरवलं की लोक आधी मेणबत्ती लावायचे, मग फ्रोसोला बोलवायचे. घाईत असले तर मेणबत्ती राहायची.

आर्गिरिसनं सगळं सांगितलं. ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली.

"पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाही नाही."

"काय आहे तो?"

"आजोबांच्या होडीचं नाव आणि तिचं साल."

"म्हणजे अख्ख्या खानदानाला ठाऊक."

"खानदानाला होडी ठाऊक आहे, किरा-फ्रोसो. पासवर्ड नाही."

फ्रोसोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. किल्ली पायपुसण्याखाली ठेवणाऱ्या बायकांवर हा माणूस बेचाळीस वर्षं डाफरत आला होता.

"बरं. या खातेवाल्यांकडून काही निरोप आला होता? काही विचारणा?"

"वेगळं असं काही नाही."

"घरात कोण येतं-जातं?"

येणारे दोघंच. एक जावई लाकिस, मुलगी वायाचा नवरा. तो छपरावर पाणी तापवायची यंत्रं विकायचा आणि घराण्यात कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून ओळखला जायचा, कारण मशीन बंद करून पुन्हा चालू करायची हिंमत त्याच्यातच होती. दुसरी समोरची विधवा मेरोपी. दर गुरुवारी भरलेले टोमॅटो घेऊन यायची.

लाकिस दुपारी आला आणि कॉम्प्युटरपुढे फ्रोसोला बघून दारातच थबकला.

"ये रे, बस," फ्रोसो म्हणाली. "सासऱ्यांच्या मशीनवर तू काय करतोस?"

"मी? काही नाही. साफसफाई."

"दर मंगळवारी दोन तास?"

"खूप धूळ असते, किरा-फ्रोसो."

"आणि ‘जाऊ या’? तूच म्हणाला होतास ना, की तो कप्पा काढून टाका, मशीन जड झालंय?"

लाकिसचे कान लाल झाले. "वायानं सांगितलं होतं तसं म्हणायला. बाबा दिवसभर तेच बघत बसतात, तिच्या जिवाला घोर लागतो. पण मी हात लावला नाही. आईच्या ओळी आहेत त्या! मी काय कसाई आहे?"

"मग दोन तास काय करतोस?"

लाकिसनं सासऱ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "सोंगट्या खेळतो. घरी वाया खेळू देत नाही. त्रिपोलीतली एक पोरगी आहे, तिसरीत शिकते. बारा आठवडे झाले, मला हरवतेय. एक डाव जिंकलो की सोडून देईन म्हणतो."

"खेळ कुठल्या वारी असतो?"

"मंगळवारी. रविवारी ती आजीकडे असते."

"याला सोडा," फ्रोसो आर्गिरिसला म्हणाली. "खुणा रविवारी जातात. तुम्हाला सोमवारी दिसतं एवढंच. आणि जो तिसरीतल्या पोरीला हरवू शकत नाही, तो तलाव काय चोरणार?"

लाकिस गेल्यावर तिनं पडद्याला नाक लावलं. प्रत्येक खुणेपुढे एक चिमुकलं चित्र होतं. कुठे फोनचं, कुठे कॉम्प्युटरचं. खूण कुठून ठोकली ते त्यावरून कळायचं.

"अनोळखी खुणा सगळ्या फोनवरून आल्यात," ती पुटपुटली. "एक सोडून." तिनं बोट ठेवलं. ‘एडिप्सोसचे गरम पाण्याचे झरे. सांधेदुखीवर उत्तम. दोघांसाठी खोली.’ "ही या घरातून ठोकलीय. याच खुर्चीत बसून. आणि तीसुद्धा एका गुरुवारी."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून टोमॅटोचा वास आत आला.

३

या गुरुवारी जमलं नव्हतं म्हणून आज आलेल्या मेरोपीनं ताट टेबलावर ठेवलं. फ्रोसोनं पडदा तिच्याकडे वळवला.

मेरोपीनं वाचलं. मग पदर नसलेल्या बायका जे करतात ते तिनं केलं. ॲप्रनचा कोपरा हातात घेऊन पिळत बसली.

"धूळ पुसत होते," ती म्हणाली. "सगळीकडून यांना खुणावणारी ती यादी दिसली. मला वाटलं, एक खूण माझीही असावी. यांनी कधीतरी चुकून उघडली असती."

"मी उघडली होती," आर्गिरिस म्हणाला. "मला वाटलं, जाहिरात आहे."

"जाहिरातच होती," मेरोपी म्हणाली. "बरं, टोमॅटो गरम आहेत तोवर खा. आणि मी चोर नाही हो, किरा-फ्रोसो. मेलेल्या बाईचे शब्द पुसून कुणाचा नवरा मिळत नसतो. तेवढी अक्कल आहे मला."

ती गेली. ताट तसंच राहिलं. घरात टोमॅटोच्या वासाशिवाय थोडा वेळ काही हललं नाही.

"राहिला तो फोन," फ्रोसो म्हणाली. "तुमचा फोन कुठला?"

आर्गिरिसनं खिशातून बटणांचा जुना फोन काढला. त्याच्यावरून खूण ठोकायची तर हातोडीच लागली असती.

"आणि झाफिरोचा?"

तो उठून कपाटाशी गेला, वरचा खण उघडला. फोन तिथेच होता, तिच्या रुमालात गुंडाळलेला, सप्टेंबरापासून बंद. फ्रोसोनं बटण दाबून धरलं. काच काळीच राहिली.

"यावरून नाही," ती म्हणाली.

आर्गिरिस खुर्चीत बसला, म्हणजे जवळजवळ पडलाच. फ्रोसोला वाटलं, सुटल्यासारखं वाटलं असेल. पण चेहरा तसा नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही."

"कीर-आर्गिरी, मी सदतीस वर्षं लोकांच्या दारात तारा घेऊन उभी राहिलेय. ‘काही नाही’ म्हणणारे चेहरे मला शिकवू नका."

"हसू नका मग." त्यानं रुमालाची घडी पुन्हा नीट केली. "पहिल्यांदा तलाव गेला ना, तेव्हा मी घाबरलो. दुसऱ्यांदा किल्ला गेला. तिसऱ्या सोमवारी मनात आलं, ती जातेय. एकेक जागा बघून घेतेय आणि झाली की यादीतून खोडतेय. बाजाराच्या यादीत खोडायची तशी. मी आलो नाही, तर मग एकटीच निघाली. झाफिरोच ती, किती दिवस थांबेल? खण उघडायचा धीरच झाला नाही. फोन जागेवर नसेल असं वाटायचं. असावा की नसावा, तेही ठरत नव्हतं."

फ्रोसो हसली नाही. तिनं नाक शिंकरलं आणि पिशवीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला.

"गेलेल्या नऊ जागांची नावं सांगा. गेल्या त्या क्रमानं."

"चोर सापडेल?"

"चोर नाहीच हा," ती म्हणाली. "तुम्ही आत्ताच सांगितलंत ना? कुणीतरी जातंय. फक्त झाफिरो नाही."

४

टेबलावर नऊ कार्डं मांडली गेली. टपालकचेरीत गल्लीवार पाकिटं लावतात तशी फ्रोसो ती सरकवत राहिली.

"प्लास्तिराचा तलाव. प्लातामोनास. आंबेलाकिया. त्रिकालाचा पूल. मेतेओरा... बेटं किती आहेत यादीत?"

"वीस-बावीस तरी."

"एकही गेलेलं नाही. लांबची जागाही एक गेलेली नाही. सगळ्या अशा, की सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल. आता सांगा, कुठल्या घरी? वोलोसहून त्रिकालाला जायचं तर वाटेत बस बदला, तिकडची गाडी धरा, परत या. अख्खा दिवस रस्त्यात. पण या गावाहून बघा." तिनं कार्डांच्या मधोमध साखरेचं भांडं ठेवलं. "लारिसा. सगळे रस्ते तिथून फुटतात. आपला माणूस लारिसात राहतो."

"लारिसात दीड लाख माणसं राहतात."

"थांबा की. वय साठीच्या पुढे, गुडघे दुखतात, घरात टाय बांधून देणारी बाई नाही. रविवारी मोकळा. दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या हवामानाची खूण ठोकतो, म्हणजे खरोखर जातो. आता यात काय नाही ते बघा. पेट्रोलचं काही नाही, रस्त्याचा नकाशा नाही, म्हणजे स्वतःची गाडी नाही. बसनं जातो. पण मग बसचं वेळापत्रक कुठाय? तीन जिल्हे बसनं हिंडणारा माणूस हवामान शोधतो, टाय शोधतो, बाईशी बोलायचं काय ते शोधतो, आणि वेळापत्रक एकदाही शोधत नाही?"

आर्गिरिसनं साखरेच्या भांड्याकडे बघितलं.

"वेळापत्रक कुणाला लागत नाही, कीर-आर्गिरी?"

"ड्रायव्हरला," तो अगदी हळू म्हणाला.

"चौतीस वर्षं लारिसाच्या स्थानकावरून बस हाकणारा एक माणूस मला माहीत आहे. त्याच्यामुळे माझे पाय झिजलेत. कारण त्याची पत्रं वोलोसला यायची आणि तुमची लारिसाला जायची. पाकिटावर काय लिहिलेलं असायचं, आठवतंय?"

आठवत होतं. आर्गिरिस गालानिस. दोन भावांचे दोन थोरले मुलगे, आणि थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत. चुलतभाऊ. घरात याला ‘किल्ल्यांचा’ म्हणायचे आणि त्याला ‘बसचा’.

"पण तो कशाला माझ्या घरात घुसेल? अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही!"

"का बरं?"

"एक जुलैला, माझ्या नावाच्या संताच्या दिवशी, त्यानं मला फोन केला नाही."

"आणि त्याच्या नावाच्या दिवशी तुम्ही केलात?"

"मी कशाला करू? माझा सण होता. ज्याचा सण तो घरी बसतो, मिठाई मांडतो, बाकीचे फोन करतात. रीतच आहे."

"त्याचा सण कधी असतो?"

एकच नाव, एकच संत, एकच तारीख. अकरा एक-जुलै दोन आर्गिरिस आपापल्या घरी नवा शर्ट घालून मिठाईसमोर बसले होते आणि समोरचा फोन का करत नाही म्हणून चिडत होते.

"देवा रे," तो म्हणाला.

"देवाला मध्ये घालू नका. आता शेवटचं. कुठल्याही नव्या फोनवरून खातं उघडलं की खातेवाले मालकाला विचारतात. तुम्हाला विचारलं असणार. नीट आठवा."

आर्गिरिसनं आठवलं. मार्चात कधीतरी सकाळीच एक चौकोन पडद्यावर उगवला होता. "पण ते चोराबिराचं नव्हतं हो. सरळ प्रश्न होता. ‘नवीन फोनवरून आर्गिरिस गालानिस आत येऊ पाहत आहेत. हे तुम्हीच का?’"

"मग?"

"मग काय? मीच की आर्गिरिस गालानिस. ‘हो’ दाबलं."

फ्रोसोनं डोळे मिटले. तीन कुलपांच्या घरातल्या माणसानं स्वतः दार उघडून चोराला ‘या, बसा’ म्हटलं होतं.

"शनिवारची खूण बघू," ती डोळे न उघडताच म्हणाली. "उद्या रविवार आहे."

त्यानं यादी खाली नेली. सकाळी नव्हती ती आता होती. फोनचं चित्र, आणि पुढे: ‘मिल्येस गावचं हवामान, रविवार.’

मिल्येस. डोंगरातून जाणारी छोटी आगगाडी. झाफिरोच्या यादीतली सगळ्यात जवळची जागा. गाडी सुटते ते स्थानक या घरापासून बारा किलोमीटरवर होतं. बारा.

५

आर्गिरिसनं बसमध्ये पाठ केलेलं भाषण ‘अरे चोरा’पासून सुरू होत होतं.

गाडी सुटते त्या लेहोन्याच्या फलाटावर शाळेची सहल होती, एक नवविवाहित जोडपं होतं, आणि बाकाच्या टोकाला एक म्हातारा होता. टाय बांधलेला, पण असा, की गळफास बरा. मांडीवर मिठाईचा खोका. हातात दोन तिकिटं. तो येणाऱ्या प्रत्येक बाईकडे अर्धवट उठून बघायचा आणि ती पुढे गेली की पुन्हा बसायचा. फ्रोसोकडे बघूनही तो अर्धवट उठला. मग तिच्या मागे त्याला आर्गिरिस दिसला.

"तू?" बसचा म्हणाला.

"तू!" किल्ल्यांचा म्हणाला. भाषणातलं एवढंच आठवलं.

"इथे काय करतोयस?"

"तू काय करतोयस? कुणाची वाट बघतोयस?"

बसच्यानं खोका एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "तुला काय करायचंय? हसशील."

"बोला," फ्रोसो म्हणाली. "हसायला मी आलेय, तो नाही."

मग तो बोलला, खाली बघत. मार्चात फोन घेतला होता. नाव टाकलं. पासवर्ड विचारला, तर आजोबांची होडी टाकली, गालानिसांना दुसरं काय सुचणार? आणि दार उघडलं. मग खातं आपलंच असणार, आधी कधीतरी काढलं असेल, विसरलो असेन. आत बघतो तर यादी. ‘जाऊ या.’ आणि प्रत्येक जागेखाली कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. ‘आर्गिरिस, थंडी असेल, मफलर घे.’ ‘आर्गिरिस, इथे तुला आवडणार नाही, तरी पण चल.’

"मला कोण म्हणतं रे मफलर घे?" तो म्हणाला. "स्थानकात पोरं ‘म्हातारा’ म्हणायची. मला वाटलं, असेल कुणी बाई. चौतीस वर्षं बस चालवली, हजार बायका चढल्या-उतरल्या, एखादीनं आरशात बघितलं असेल. दिवस-वेळ काही लिहिलेली नव्हती. म्हटलं, बायका रविवारी जातात. म्हणून दर रविवारी एकेक जागा. सकाळच्या बसनं जायचं, शेवटच्या बसपर्यंत थांबायचं. नाही आली की खूण काढून टाकायची. तिकीट फाडतो ना आपण, तसं. म्हणजे तिला दिसेल, मी येऊन गेलो."

"पुसलेलं परत आणता येतं," फ्रोसो चटकन म्हणाली. "कचऱ्याची पेटी असते त्यात."

"मी रोज रिकामी करतो," बसचा म्हणाला. "माझी बस कधी घाण नसायची."

आर्गिरिसनं मुठी आवळल्या. नऊ गेल्या. कायमच्या.

"झाफिरो लिहायची ते," तो म्हणाला. "माझी झाफिरो. माझ्यासाठी. सप्टेंबरात गेली ती."

बसचा बघत राहिला. आधी समजलं नाही, मग समजलं, मग त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून सगळं उतरून गेलं, शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होते तसं. त्यानं टायची गाठ चाचपडत सोडली.

"मला कळवलं नाहीस."

"तू फोन करत नव्हतास."

"तू करत नव्हतास."

गाडीनं शिटी दिली. शाळेची सहल ओरडत डब्यात चढली. बसच्यानं दोन्ही तिकिटं पुढे केली. "घे. तुझीच आहेत. मी दुसऱ्याचं सामान घेऊन हिंडत होतो इतके दिवस. माफ कर."

आर्गिरिसनं तिकिटांकडे बघितलं. इथवर तो एक यादी परत मिळवायला आला होता, आणि समोर उभा होता तो माणूस, ज्यानं त्याच्या बायकोचं ऐकलं होतं. एकदाही ‘रविवारी दुकान कोण बघेल’ न म्हणता.

त्याला त्याचा हेवा वाटला.

"चढा," फ्रोसो म्हणाली. "दोघंही. मी मिठाई घेऊन बाकावर बसते, मला गाडी लागते." आणि तिनं खोका बसच्याच्या हातातून काढूनच घेतला.

डब्यात लाकडी बाकं होती. दोन आर्गिरिस समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघे लागले आणि दोघांनी एकदमच मागे घेतले. गाडी हलली. ऑलिव्हची झाडं खाली सरकत गेली, दरीच्या तोंडाशी समुद्र दिसायला लागला.

"शब्द आठवत नाहीत मला," शेवटी किल्ल्यांचा म्हणाला. "जे गेले त्यातले. अर्थ आठवतो. शब्द नाही."

"मला आठवतात."

"काय?"

"सगळे. ड्रायव्हर आहे मी. एकदा रस्ता बघितला की थांबे पाठ होतात. आणि एकेक ओळ आठवडाभर वाचायचो रे, दुसरं होतंच काय वाचायला?" त्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. मग थांबे पुकारावेत तशा सपाट आवाजात म्हणाला, "आयोकाम्बोसचा किनारा. ‘आर्गिरिस, इथे एक बाक आहे, समुद्राकडे पाठ करून ठेवलेला. कुण्या शहाण्यानं ठेवला देव जाणे. आपण त्यावर उलटं बसू, पाय मागच्या फटीतून सोडून. लोक हसले तर हसू देत.’"

आवाज बसच्याचा होता, जाड, धुरकट. पण ‘देव जाणे’ तिचं होतं. तिच्याशिवाय कुणाचंच नसतं.

"बसलास?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "त्या बाकावर?"

"बसलो. सरळच. चार तास रस्त्याकडे बघत."

"उलटं बसायचं होतं ना, गाढवा. तिनं लिहिलं होतं."

"एकट्यानं उलटं बसवत नाही. वेड्यासारखं दिसतं."

गाडी बोगद्यात शिरली. डबा काळा झाला, पोरांनी आरोळ्या ठोकल्या. अंधारात आर्गिरिसनं डोळे पुसून घेतले आणि समोरूनही कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

उजेड आला तेव्हा तो पुढे वाकून बसला होता. गुडघे पुन्हा लागले होते, आणि या वेळी कुणीच मागे घेतले नाहीत.

"हं," तो म्हणाला. "पुढचा थांबा."